पन्नास माळांचा देव: पडलेल्या देवाच्या परतीचा खेळ कसा आखावा

पडलेल्या देवाच्या परतीवर रोल-प्लेइंग खेळ (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची असा खेळ) रचायला बसलेली बहुतेक मंडळी देवापासून सुरुवात करतात. त्याचं रूप, त्याची शस्त्रं, त्याचा शाप. मग तिसऱ्या-चौथ्या सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, सगळं अडतं, कारण देव प्रचंड आहे एवढंच टेबलावर सगळ्यांना माहीत असतं. तो कशावर जगत होता आणि नेमकं काय बंद पडल्यावर खाली आला, हे कोणाच्याच कागदावर नसतं. माझं ठाम मत असं आहे की सुरुवात पूजेच्या हिशेबापासून करावी. रोज काय, किती आणि कोणाच्या हातून, हे ठरलं की देवाचं पडणंही ठरतं आणि परतीची वाटही.

असा हिशेब आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर दगडातच कोरलेला आहे. ग्वाल्हेर दरवाज्याने पायी चढताना एका अखंड खडकात खोदलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथला इ.स. ८७६चा शिलालेख त्यातल्या शून्यामुळे जगभर प्रसिद्ध आहे. खेळ रचणाऱ्याने मात्र त्या शून्याच्या आजूबाजूचा मजकूर बघावा. देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबाग, आणि रोज ५० माळा. हात दीड फुटाचा धरला तर ही जमीन अडीच एकरांच्या थोडी वर जाते. एवढ्या बागेला माळी लागतात, पाणी लागतं, राखण लागते, पहाटे फुलं तोडणारे आणि ओवणारे हात लागतात. यातला एक जण थांबला तर त्या दिवशी माळा कमी पडतात, आणि कोण थांबलं हे बोट दाखवून सांगता येतं. खेळाला हेच हवं असतं. ‘लोकांची श्रद्धा आटली’ या वाक्यावर कोणत्याही खेळाडूला काही करता येत नाही. ‘आज एकोणपन्नास माळा आल्या’ यावर मात्र पाचही जण उठून कामाला लागतात.

दुसरा धडा याच किल्ल्याच्या दंतकथेत आहे. ग्वालिपा ऋषींनी सूरजकुंडाच्या पाण्याने सूरज सेन राजाचा कुष्ठरोग बरा केला आणि वर दिला की तुझे वंशज नावात ‘पाल’ लावतील तोवर गड त्यांच्याकडे राहील. त्र्याऐंशी पिढ्या निभावलं; चौऱ्याऐंशीव्याचं नाव तेज करण होतं, आणि गड गेला. वर असा असावा. अट क्षुल्लक दिसणारी, तपासता येण्याजोगी, आणि पिढ्यानपिढ्या पाळल्यामुळे तिचं कारणच विसरलं गेलेलं.

देव आपला घडवावा

खऱ्या, पुजल्या जाणाऱ्या देवाला खेळात घेऊ नये. आपल्याकडे घरोघरी कुलदैवत आहे आणि टेबलावरच्या पाच जणांपैकी कोणाच्या तरी आजीने त्याच देवाला नवस बोललेला असतो. त्या देवाला भुकेला किंवा रागीट दाखवलं की तो खेळाडू गप्प होतो, आणि का गप्प झाला ते सांगतही नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ उरवाई घाटीत कोरलेल्या भव्य जैन मूर्तींचंही तेच. त्या पूज्य आहेत, त्यांचे फोटो ‘शापित देव’ म्हणून ग्रुपवर टाकायचे नाहीत. मूर्तिभंगाचा विषय आपल्या भागात चटकन आजच्या भांडणांकडे वळतो, म्हणून देश, गड, राजे, शत्रू, सगळं काल्पनिक ठेवावं आणि पतनाचा दोष एखाद्या जमातीवर टाकू नये.

पुढे उदाहरणासाठी मी एक देव घेतो. निरगड नावाचा डोंगरी गड, त्यावर खडकात खोदलेली टाकी, आणि त्या पाण्याचा देव झरोबा. त्याची रोजची सेवा अशी: ५० माळा, दोन शेर तेलाचा दिवा, सात घागरी पाणी, पहाटे आणि तिन्हीसांजेला चौघडा, सव्वा शेर तांदळाचा नैवेद्य. वचन असं की रोज पन्नास माळा पडतील तोवर टाकी आटणार नाही. मग गडाला वेढा पडला, धान्य संपत आलं, फुलबाग नांगरून तिथे ज्वारी पेरली, आणि एका दिवशी एकोणपन्नास माळा पडल्या. टाकी आटली. गड पडला. त्याला दीडशे वर्षं झाली.

यातल्या तीनच गोष्टी जीएमने (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) पक्क्या धराव्यात: वचन काय होतं, त्या दिवशी एकोणपन्नास माळा होत्या, आणि देव मेला नसून सगळ्यांत खालच्या टाकीत आहे. पन्नासावी माळ का आली नाही, हे मुद्दाम मोकळं ठेवायचं. हा प्रश्न खेळाडूंचा आहे.

पाच मानकरी

पाच खेळाडू आणि एक जीएम ही या खेळाला सर्वांत योग्य संख्या, कारण सेवा पाच आहेत. प्रत्येक पात्र एकेका मानाचा वारस: माळ, दिवा, पाणी, वाद्य, नैवेद्य. मानावरून घराणी कशी अडून बसतात हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: एकाचा मान दुसऱ्याने करायचा नाही. तलवार सगळ्यांनाच चालवता येते, पण दिवा लावायचा हक्क एकालाच आहे. यामुळे सगळ्यांत गप्प खेळाडूकडेही इतरांना यावंच लागतं. चारच खेळाडू असतील तर नैवेद्याचा मान जीएमने एखाद्या म्हाताऱ्या पात्राकडे द्यावा आणि ती म्हातारी हट्टी ठेवावी.

यात एक अडचण येते. खेळाडू गैरहजर राहिला तर त्याचा मान थांबतो, आणि परीक्षा किंवा लग्नामुळे न आलेल्या माणसामुळे देव दुबळा होणं अन्यायाचं वाटतं. त्यासाठी प्रत्येक खेळाडूने आधीच एक बदलीची चिठ्ठी लिहून द्यावी: ‘माझ्या गैरहजेरीत हा मान अमुक सांभाळेल, त्याबदल्यात त्याला आमच्याकडून तमुक हवं.’ बदलीने सेवा चालू राहते, पण देवाची परती मोजणाऱ्या तक्त्यातलं (तो पुढे येतो) घर भरत नाही. शिवाय ‘तमुक हवं’ मधून पुढच्या सेशनचं एक भांडण आयतं मिळतं.

सेशन झीरोला, म्हणजे खेळाआधीच्या तयारीच्या बैठकीला, अडीच तास ठेवावेत आणि त्यात फासे बाहेर काढू नयेत. पहिल्या अर्ध्या तासात रेघा आणि पडदे ठरवायचे. रेघेपलीकडची गोष्ट खेळात येणारच नाही. पडद्याआडची घडू शकते, पण तिचं वर्णन होणार नाही. या विषयात चार गोष्टी नाव घेऊन विचाराव्यात: बळी, अंगात येणं, मानावरून येणारी जातीची उतरंड, आणि लहान मुलांना धोका. ‘कोणाला काही खटकतं का’ असं मोघम विचारलं तर सगळे ‘नाही’ म्हणतात. यादी वाचली तर उत्तरं येतात. टेबलाच्या मध्यभागी फुलीचं एक कार्ड ठेवावं. कोणीही त्याला हात लावला की दृश्य तिथेच तुटतं, कारण विचारायचं नाही.

उरलेला वेळ गडासाठी. प्रत्येकाने गडावरची एक जागा, एक जिवंत नातेवाईक आणि एक बंद पडलेली चालरीत सांगायची. नंतर प्रत्येकाने कोणालाही न दाखवता चिठ्ठीवर तीन वाक्यं लिहायची: पन्नासाव्या माळेबद्दल आमच्या घरात काय सांगतात. जवळपास प्रत्येक चिठ्ठीत दोष दुसऱ्या घराण्यावर असतो. असू द्यावा. जीएमने चिठ्ठ्या गोळा करून वाचाव्यात आणि गप्प बसावं.

परतीची सात घरं

एका जाड कागदावर सात घरं आखा आणि तो कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवा. जीएमच्या वहीत लपवलेला तक्ता निरुपयोगी असतो, कारण खेळाडूंना मोह पडण्यासाठी तो दिसावा लागतो. देवाच्या परतीकडे नेणारी कोणतीही कृती झाली की एक घर भरतं, आणि ते ज्या गोष्टीने भरलं त्याच्या रंगाने रंगवायचं. फुलाचा पिवळा, भयाचा काळा, रक्ताचा लाल. कोणी आपला मान मनापासून आणि काहीतरी झीज सोसून केला तर पिवळं. लोकांना धाक दाखवून पूजेला बसवलं, खोटा चमत्कार केला, तर काळं. जीव घेतला गेला तर लाल, आणि लाल एकदम दोन घरं भरतं. रक्ताचा रस्ता जवळचाच असला पाहिजे. तो लांबचा केला तर तो कोणी निवडत नाही आणि निवडीला अर्थ राहत नाही.

तीन घरं भरली की देव कौल देऊ लागतो. पाच भरली की तो कोणाच्या तरी अंगात येऊ शकतो, त्या खेळाडूची संमती असेल तरच. सात भरली की तो परततो, आणि ज्या रंगाची घरं जास्त तसा परततो. बरोबरी झाली तर शेवटचं घर ज्या रंगाचं तो रंग जिंकतो.

पाच सेशनच्या खेळाला एका सेशनमध्ये जास्तीत जास्त दोन घरं ही मर्यादा हवी. ती नसेल तर उत्साही टेबल दुसऱ्याच सेशनला देवाला उठवतं, आणि तोवर कोणाचं त्याच्याशी नातंच तयार झालेलं नसतं. उलट, एखाद्या सेशनमध्ये एकही घर भरलं नसेल तर विरोधक एक घर भयाने भरतात. ही दोन टोकं धरली की देव लवकरात लवकर चौथ्या सेशनला येतो. पाचव्या सेशनला कमाल मर्यादा उठवायची.

फाशांसाठी ल्युडोचे दोन साधे फासे पुरतात. बेरीज १० किंवा वर आली तर काम झालं. ७ ते ९ आली तर झालं, पण किंमत मोजून. ६ किंवा खाली आली तर परिस्थिती बिघडते. बेरजेत जास्तीचं काहीही न धरता सात किंवा वर पडण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के आहे, +१ धरला तर ७२, +२ धरला तर ८३. म्हणून स्वतःच्या मानाच्या कामाला +१ द्यावा आणि +२ फार जपून. +३ पर्यंत गेलं की सात किंवा वर पडणं सुमारे ९२ टक्क्यांवर जातं आणि टेबलावरची धाकधूक संपते. वीस बाजूंच्या फाशातही हा खेळ चालेल, पण त्यात ‘झालं, पण किंमत मोजून’ हा मधला पट्टा आपोआप येत नाही, आणि देवाधर्माच्या गोष्टीचा सगळा रस त्याच पट्ट्यात आहे.

देव बोलतो कसा

देवाला आकडे देऊ नका: ताकद नाही, चिलखत नाही, घाव नाहीत. आकडे दिसले की त्याला मारता येतं का हा हिशेब खेळाडू करू लागतात. देवाचं ज्ञान मात्र आखून ठेवा. झरोब्याला पतनाच्या दिवसापर्यंतचंच ठाऊक आहे. तो दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माळिणीला हाक मारतो, बुजलेल्या दरवाज्याने आत या म्हणतो, विचारतो की आज चौघडा का वाजला नाही. एका वेळी तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही. जीएमला देवाच्या तोंडून गडाचा इतिहास सांगायचा मोह होतो, तो आवरावा. ज्याला आपण पडलो हेच कळलेलं नाही अशा देवाला ते सांगायचं कोणी, हा प्रसंग खेळाडूंचा असू द्यावा.

कौलाची कोकणातली रीत इथे उत्तम बसते. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या. कोणती आधी पडते त्यावर होय किंवा नाही. टेबलावर खरंच ओल्या पाकळ्या लावून बघायची इच्छा होते, पण गुळगुळीत दगडाला चिकटलेली पाकळी सुकेपर्यंत पडत नाही आणि सगळे तिच्याकडे बघत बसतात. एक फासा टाकावा: १ ते ३ डावा, ४ ते ६ उजवा. एका सेशनला एकच प्रश्न, उत्तर होय किंवा नाही एवढंच, आणि जे येईल ते गोष्टीत खरं ठरतं. जीएमलाही उत्तर आधी माहीत नसतं, म्हणून देवाची जागा, वचन आणि माळांची संख्या या तीन पक्क्या गोष्टी कौलाबाहेर ठेवाव्यात. त्या विचारल्या तर पाकळी पडतच नाही.

विरोधक आणि खुणा

देवाचा द्वेष करणारा खलनायक या गोष्टीला नको. देव नाही म्हणून ज्यांचं पोट चालतं अशी माणसं हवीत. निरगडावर पायथ्याच्या विहिरींचे मालक आहेत. गडावर पाणी घागरीच्या भावाने तेच चढवतात. झरोबा उठला तर टाकी भरेल आणि त्यांच्याकडचे तीस पाणक्ये उपाशी राहतील. त्यातला एक पाणक्या कोणत्या तरी मानकऱ्याचा सख्खा भाऊ करावा. खेळाडूंनी काहीच केलं नाही तर हे लोक काय करतील त्याच्या पाच पायऱ्या, दर सेशनला एक, आधी लिहून ठेवा: भाव वाढवतात, मानकऱ्यांपैकी एकाला कर्ज देतात, खालच्या टाकीची वाट बुजवतात, दुसऱ्या देवाचा उत्सव त्याच दिवशी लावतात, शेवटी टाकीत विष टाकतात. खेळाडूंनी एखादी पायरी अडवली तर पुढची पुढे ढकला, वगळू नका.

तीन गोष्टी खेळाडूंना शोधाव्याच लागतात: देव कुठे आहे, वचन काय होतं, वाट कोण अडवतंय. प्रत्येकीसाठी तीन वेगळ्या ठिकाणी तीन खुणा ठेवा, म्हणजे एकूण नऊ. एक खूण खेळाडूंच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरी लागते. वचनासाठी समजा: फुटलेल्या शिलालेखात ‘५०’ आणि ‘पाणी’ एवढंच वाचता येतं, म्हाताऱ्या बाया अजून जात्यावर पन्नास माळांची ओवी म्हणतात, देवळाच्या भिंतीत पन्नास खुंट्या आहेत आणि एक तुटलेली आहे.

हातात देण्याजोगा एखादा कागद मोडीत लिहिला तर टेबलाला फार आवडतो. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, बोरू किंवा जाड निब, आणि सोबत अक्षरांची किल्ली. पण मजकूर बारा-पंधरा शब्दांच्या पुढे नको, आणि तो सेशन संपल्यावर द्यावा, म्हणजे आठवडाभर ग्रुपवर फोटो टाकून मंडळी उकलत बसतील. सेशनच्या मध्ये दिला तर दोघं अक्षरं लावत बसतात आणि तिघं मोबाइल काढतात.

चौथ्या सेशनचा उतार

कीर्तनात पूर्वरंगाला एकच अभंग उलगडतात आणि आख्यान उत्तररंगासाठी राखतात, तशी पहिली दोन सेशन्स ‘टाकी का आटली’ या एकाच प्रश्नाला द्यावीत. तिसऱ्याला देव बोलू लागतो. चौथं हमखास सैल पडतं, कारण आता सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणी पाऊल उचलत नाही. योजनाच आखल्या जातात. यावर दोन उपाय एकदम लावा. पहिला, झरोब्याचा जुना उत्सव तीन रात्रींवर आला आहे असं जाहीर करा आणि प्रत्येक दृश्यानंतर एक प्रहर पुढे सरका.

दुसरा उपाय पन्नासाव्या माळेबद्दलच्या त्या चिठ्ठ्यांचा. चौथ्या सेशनच्या मध्यावर पाचही चिठ्ठ्या मोठ्याने वाचा, मग विचारा: आपल्या घरची गोष्ट खोटी होती, पन्नासावी माळ आमच्यामुळेच अडली, असं कोणाला म्हणायचं आहे का? जो म्हणेल त्याचंच खरं ठरतं, आणि कसं ते तोच सांगतो. त्याला शेवटच्या सेवेत +२ मिळतो. दोघं पुढे आले तर दोष दोघांत वाटला जातो. कोणीच आलं नाही तर एक पिवळं घर काळं करा, कारण आपण का पडलो हे त्या देवाला कधीच कळणार नाही. जीएमने इथे कोणाकडे बघायचंही नाही. शांतता दोन मिनिटं लांबली तरी लांबू द्यावी.

परतीच्या दृश्याला पाऊण तास ठेवा. पाचही मानकरी आपली सेवा एकेक करून करतात. क्रम ते स्वतः ठरवतात, आणि त्यावरून वाद झाला तर थांबवू नका. प्रत्येकाने फासे टाकायचे. ६ किंवा खाली पडलं तरी सेवा होते, पण ती करताना त्या पात्राकडचं काहीतरी कायमचं जातं: आवाज, घर, भावाचं नातं, काय ते खेळाडू सांगतो. पाचवी सेवा संपली की देव एकच मागणी करतो. पिवळा देव म्हणतो की पन्नास माळा उद्याही हव्यात, म्हणजे कोणीतरी जन्मभर गडावर राहायचं. काळा देव पाणी देतो आणि ते कोणाला मिळू नये याची नावं सांगतो. लाल देव काहीच मागत नाही. पुढच्या वर्षी याच तिथीला या, एवढंच म्हणतो.

मागणी नाकारता येते, आणि हे खेळाडूंना आधी सांगून ठेवावं, नाहीतर समोर देव उभा असताना ते सुचत नाही. नाकारली तर सातही घरं पुसायची आणि टाकी पुन्हा आटते. मान्य केली तर ती कोण, किती दिवस आणि कशाच्या बदल्यात निभावेल, ते त्याच कागदाच्या मागे पाचही जणांनी आपल्या हाताने लिहून द्यायचं. पुढे कधी त्याच गडावर नवा खेळ मांडला तर जीएमच्या हाती पहिला कागद तोच असतो.